वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे : विमानाचं अंतर नक्की किती आणि वेळ किती धरायचा?

उत्तरवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

येत्या मे महिन्यात आई-बाबांना घेऊन स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर जायचं ठरतंय. तिथलं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातलं सगळ्यात लहान नियमित प्रवासी उड्डाण दोघांनाही दाखवायचं आहे. बेत असा: कर्कवॉलहून (ऑर्कनीचं मुख्य शहर) वेस्ट्रे, तिथून पापा वेस्ट्रे, दिवसभर बेट पाहून संध्याकाळी परत कर्कवॉल.

वेळापत्रक मांडायला बसल्यावर आकडेच जुळेनात. अंतर एका ठिकाणी २.७ किमी, दुसरीकडे २.८, तिसऱ्या ठिकाणी नुसतं १.५ (एकक नाही) आणि एका यादीत चक्क १.७ किमी. वेळेचं तर विचारूच नका. विमान कंपनीचं वेळापत्रक २ मिनिटं सांगतं, विक्रम ५३ सेकंदांचा आहे म्हणतात आणि अंतर मोजून देणाऱ्या एका साइटवर ‘प्रवासाचा वेळ ३० मिनिटं’ असं लिहिलंय.

तीन प्रश्न आहेत:
१) खरं अंतर किती, आणि ते स्वतः कसं काढायचं?
२) वेळ कोणता धरायचा?
३) आई-बाबा सत्तरीच्या आसपासचे आहेत. या छोट्या विमानात काय सांभाळावं लागतं?

---

अक्षांशराव

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. वेळेचं इथले विमानवाले सांगतीलच.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश असे आहेत:

वेस्ट्रे : ५९° २१′ ०१″ उत्तर, २° ५७′ ००″ पश्चिम
पापा वेस्ट्रे : ५९° २१′ ०६″ उत्तर, २° ५४′ ०१″ पश्चिम

आधी याचे दशांश करून घ्या. मिनिटांना ६० ने भागायचं, सेकंदांना ३६०० ने, आणि दोन्ही अंशांत मिळवायचे. वेस्ट्रे ५९.३५०३, २.९५०० येतं आणि पापा वेस्ट्रे ५९.३५१७, २.९००३.

इतक्या जवळच्या दोन ठिकाणांसाठी गोलाकार पृथ्वीचं मोठं सूत्र लागत नाही, साधं पायथागोरस पुरतं. अक्षांशातला फरक ०.००१४ अंश. अक्षांशाचा एक अंश तिथं सुमारे १११.४ किमीचा, म्हणजे उत्तर-दक्षिण फरक ०.१६ किमी. रेखांशातला फरक ०.०४९७ अंश. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर १११.३ किमी असतो, पण उत्तरेकडे सरकावं तसा आकसत जातो. ५९.३५ अंशांवर त्याला त्या अक्षांशाच्या कोसाइनने, म्हणजे ०.५०९८ ने गुणावं लागतं. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, ती दुरुस्ती धरून एक अंश ५६.९ किमीचा होतो. म्हणून पूर्व-पश्चिम फरक २.८३ किमी. दोन्हींचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ काढलं तरी २.८३ च राहतं, कारण उत्तर-दक्षिण फरक नगण्य आहे. पृथ्वी शुद्ध गोल धरली तर २.८२ येतं, फरक जेमतेम दहा मीटरचा.

आता तुमचे आकडे.

२.७ किमी : ‘१.७ मैल’ या प्रचलित आकड्याचं हे रूपांतर. १.७ × १.६०९ = २.७४. मुळातला आकडा एकाच दशांशापर्यंत दिलेला असल्यामुळे थोडी घट दिसते.

१.५ : हे नॉटिकल मैल आहेत. २.८३ भागिले १.८५२ केलं की १.५३ येतं. विमानवाले अंतर यातच मोजतात, त्यामुळे एकक लिहायची गरज कोणाला वाटत नाही आणि वाचणारा साधे मैल समजून २.४ किमी काढतो.

१.७ किमी : हे चूक आहे, आणि दोन वेगळ्या वाटांनी नेमकं याच आकड्यावर येता येतं. एक वाट म्हणजे मैलांचा आकडा उचलून पुढे किमी लिहिणं. दुसरी जास्त फसवी. ५९° २१′ ०१″ हे दशांश न करता सरळ ५९.२१०१ असं टाकलं, २° ५७′ ००″ ला २.५७०० आणि २° ५४′ ०१″ ला २.५४०१ केलं, तर रेखांशातला फरक ०.०२९९ होतो आणि अंतर येतं १.७० किमी. सगळीकडे १.७ वाचलेलं असतं, इथंही १.७ आलं, म्हणून माणूस खूश होतो आणि तपासतच नाही. प्रत्यक्षात एककही चूक आणि जागाही चूक, कारण हे दोन्ही बिंदू खऱ्या जागेपासून पंधरा किमी दक्षिणेला आणि वीस-बावीस किमी पूर्वेला, समुद्रात पडतात. तेव्हा उत्तर पटण्याआधी दोन्ही बिंदू नकाशावर टाकून पाहायचे. धावपट्टीवर पडले तरच पुढचा हिशेब करायचा.

स्प्रेडशीटमध्ये करणार असाल तर आणखी एक. कोसाइनला कोन अंशांत नाही, रेडियन या दुसऱ्या एककात द्यावा लागतो. ५९.३५ तसाच दिला तर उणे ०.९४ मिळतं आणि अंतर ५.२ किमीच्या घरात जातं. उत्तर ५.२ दिसलं की दुसरं काही न शोधता रेडियनकडे बघा.

दशांश किती घ्यायचे हेही महत्त्वाचं. मुंबई-दिल्लीला एका दशांशाने काही बिघडत नाही, पण इथं एका दशांशावर आलात तर रेखांश ३.० आणि २.९ होतात आणि अंतर सरळ दुप्पट, ५.७ किमी. किमान चार दशांश ठेवा.

---

धावपट्टी२७

अक्षांशराव, हिशेब चोख. त्यात एकच भर घालतो: हे २.८३ किमी दोन ‘संदर्भबिंदूं’मधलं आहे. प्रत्येक विमानतळाला असा एक बिंदू ठरवून दिलेला असतो, साधारण धावपट्ट्यांच्या मध्याजवळ. विमान काही त्या बिंदूवर उडत नाही की त्या बिंदूवर उतरत नाही. लांबच्या प्रवासात याने फरक पडत नाही, इथं मात्र धावपट्टी सुमारे अर्धा किमीची आणि सगळा प्रवास पावणेतीन किमीचा, म्हणजे चाकं कुठं उचलली नि कुठं टेकली यानेच आठ-दहा टक्के इकडेतिकडे होतात.

मुंबईची मुख्य धावपट्टी ३.४ किमीहून थोडी लांब आहे. हे अख्खं उड्डाण तिच्यावर मावून वर जागा उरेल. प्रमाण लक्षात यावं म्हणून सांगितलं.

आता वेळ. आधी त्या ३० मिनिटांचा निकाल लावू. अशा साइट्स अंतराला जेट विमानाच्या वेगाने, म्हणजे ताशी ८०० किमीच्या आसपासच्या आकड्याने भागतात आणि टेक-ऑफ-लँडिंगसाठी सरसकट अर्धा तास मिळवतात. २.८३ भागिले ८०० म्हणजे तेरा सेकंद. अधिक ३० मिनिटं. आलं उत्तर ३० मिनिटं. तिथं जेट जात नाही आणि तो अर्धा तासही लागत नाही, तेव्हा हा आकडा सोडून द्या.

या मार्गावर ब्रिटन-नॉर्मन आयलँडर हे विमान असतं. दोन पिस्टन इंजिनं, प्रत्येकी २६० अश्वशक्ती, पंख वरच्या बाजूला, चाकं कायम बाहेर. क्रूझचा, म्हणजे वर चढून स्थिर उडतानाचा वेग १४० नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) आसपास, म्हणजे ताशी २६० किमी. पण या टप्प्यात विमान क्रूझला पोचतच नाही. धावपट्टीवर साधारण अडीचशे मीटर धावून उचलतं, काही शे फुटांवर जातं आणि लगेच उतरायला वेग कमी करावा लागतो. उतरताना वेग ६५ नॉटच्या आसपास. म्हणून सरासरी ९०-१०० नॉट धरणं योग्य.

५३ सेकंद कसे निघतात बघा. विमान वेस्ट्रेच्या धावपट्टीवर मध्यापर्यंत धावून उचललं आणि पापा वेस्ट्रेच्या धावपट्टीच्या अलीकडच्या टोकाशी टेकलं, तर हवेतलं अंतर साधारण २.६ किमी उरतं. ९५ नॉट म्हणजे सेकंदाला ४८.९ मीटर. २६०० भागिले ४८.९ = ५३. हा माझा ढोबळ हिशेब आहे, पण यावरून दिसतं की स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाच्या नावावरचा ५३ सेकंदांचा विक्रम हा चाकं उचलण्यापासून टेकण्यापर्यंतचा आहे, आणि तो सरळ रेषेत, एकही वळण न घेता गेल्याशिवाय साधणार नाही.

वळण हा इथला खरा मुद्दा. विमान उडतं वाऱ्याकडे तोंड करून आणि उतरतंही वाऱ्याकडे तोंड करूनच. वेस्ट्रेची एक धावपट्टी ०९/२७ आहे, म्हणजे पूर्व-पश्चिम. पापा वेस्ट्रे तिथून बरोबर पूर्वेला (दिशा ८७ अंश). पूर्वेचा वारा असला तर विमान ०९ वरून उडतं ते नाकासमोर पापा वेस्ट्रेलाच. पण ऑर्कनीत जोर असतो तो पश्चिम आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यांचा. तसा वारा असला की २७ वरून, म्हणजे पापा वेस्ट्रेकडे पाठ करून उडावं लागतं, मग अर्धं वर्तुळ घेऊन मागे यायचं, पुढे पापा वेस्ट्रेवर पुन्हा वळून पश्चिमेकडे तोंड करायचं आणि मग उतरायचं.

एक अर्धवर्तुळ किती वेळ खातं? प्रमाणित वळण सेकंदाला ३ अंशांचं, म्हणजे १८० अंशांना पूर्ण एक मिनिट. ९० नॉटला ३० अंश कलून वळलं तर सेकंदाला ७ अंश, म्हणजे २६ सेकंद आणि त्रिज्या ३८० मीटर. अशी दोन वळणं, त्यात लांबलेली वाट, म्हणजे ५३ सेकंदांचे दोन-अडीच मिनिटं सहज होतात. वेळापत्रकातली २ मिनिटं ही या सगळ्याची मध्यम किंमत समजा.

आणि हे एकाच दिशेचं झालं. त्याच पश्चिम वाऱ्यात पापा वेस्ट्रेहून वेस्ट्रेला यायचं तर उडणं सरळ आणि उतरणंही सरळ. त्यामुळे एकाच दिवशी जाताना अडीच मिनिटं आणि येताना सव्वा असं होतं, आणि त्यात वैमानिकाचं काही कमी-जास्त नसतं.

वाऱ्याच्या वेगाचा थेट परिणाम लोकांना वाटतो त्याहून कमी आहे. ३० नॉटचा वारा धरा, विमानाचा हवेतला वेग १००. वाऱ्याविरुद्ध जमिनीवरचा वेग ७० नॉट, म्हणजे २.८ किमीला ७८ सेकंद. वाऱ्याबरोबर १३०, म्हणजे ४२ सेकंद. फरक ३६ सेकंदांचा. वळणं त्याहून जास्त खातात.

---

साधाप्रवासी

मग कर्कवॉल ते वेस्ट्रेचं काय? तोच हिशेब लावायचा का?

---

धावपट्टी२७

तिथं साधं सूत्र चालतं. अंतर ४४ किमीच्या आसपास. क्रूझपेक्षा थोडा कमी वेग, १२० नॉट (ताशी २२२ किमी) धरा: १२ मिनिटं. चढणं, उतरणं, वळणं यांची ३ मिनिटं मिळवा: १५. वेळापत्रकही सुमारे १५ मिनिटंच सांगतं. पापा वेस्ट्रेहून कर्कवॉलही तेवढंच, कारण तीन ठिकाणांचा हा लांबट त्रिकोण आहे: दोन बाजू ४४-४४ किमीच्या आणि तिसरी २.८३ ची.

हेच सूत्र त्या तिसऱ्या बाजूला लावलं तर पावणेचार मिनिटं येतात, प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट. वीस किमीच्या आतल्या टप्प्याला कोणतंच ‘अंतर भागिले वेग’ सूत्र वापरू नये. वेळापत्रक बघावं.

---

बेटांवरून

प्रश्न ३ साठी आणि एकूण बेतासाठी लिहिते. हवेतली दोन मिनिटं हा तुमच्या दिवसातला सगळ्यात बिनधोक भाग आहे. घोळ होतो तो त्याच्या आजूबाजूला.

फेरीची दिशा आधी बघा. लोगनएअर ही विमान कंपनी १९६७ पासून हा मार्ग चालवते. विमान कर्कवॉलहून निघून दोन्ही बेटं करून परत येतं, पण कोणत्या फेरीत आधी वेस्ट्रे आणि कोणत्या फेरीत आधी पापा वेस्ट्रे हे वेगवेगळं असतं. काही फेऱ्या एकाच बेटावर जाऊन परततात. शनिवार-रविवारी दोन बेटांमधला टप्पा दोन्ही दिशांना मिळेलच असं नाही. म्हणून ‘कर्कवॉल ते पापा वेस्ट्रे’ असं तिकीट काढू नका, त्यात विमान सरळ पापा वेस्ट्रेला गेलं तर तो लहान टप्पा हुकतो. वेस्ट्रे-पापा वेस्ट्रे हा टप्पा तिकिटावर वेगळा दिसला पाहिजे. आठवड्याचे मधले दिवस घ्या.

जागा आठच असतात. बेटावरचे लोक दवाखान्यासाठी, शाळा-कॉलेजसाठी, शिक्षक आणि डॉक्टर कामासाठी याच विमानाने जातात-येतात. पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराच्याही आत आहे आणि त्यांच्यासाठी ही एसटीच आहे. मे ते ऑगस्टमधली तिकिटं लवकर काढा आणि बेत बदलला तर जागा अडवून न ठेवता रद्द करा.

वजन. आयलँडरचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन २९९४ किलो. रिकामं विमान सुमारे १९०० किलो. उरले अकराशे. वैमानिक धरून नऊ माणसं सरासरी ८५ किलोंची म्हणजे ७६५, आठ प्रवाशांचं प्रत्येकी दहा किलो सामान म्हणजे आणखी ८०. इंधनाला अडीचशे किलो राहतात. म्हणून वजन विचारतात, तेव्हा अंगावरचे कपडे-बूट धरून खरं सांगायचं. पाच किलो कमी सांगून काही फायदा नाही, उलट तोल बिघडतो. कोण कुठं बसणार हे वैमानिक किंवा कर्मचारी वजनावरून ठरवतात. नवरा-बायको शेजारी बसतीलच असं नाही, हे आई-बाबांना आधीच सांगून ठेवा. वैमानिक एकटाच असतो आणि त्याच्या शेजारची सीट प्रवाशाला मिळू शकते, मात्र ती मागितली तरी मिळेलच असं नाही. सामानाची मर्यादा मोठ्या विमानापेक्षा बरीच कमी असते, तिकिटावर छापलेली बघा. चाकांची कडक बॅग कर्कवॉलच्या मुक्कामी ठेवा आणि एक मऊ पिशवी घ्या.

चढणं-उतरणं. आत मधली वाट नाही. सीटच्या रांगांना बाजूने मोटारीसारखी दारं आहेत, पायरीवर पाय ठेवून वाकून आत शिरायचं आणि सरकून बसायचं. गुडघ्याचा त्रास असेल तर दाराकडची सीट मागा, शेवटी बसायचं आणि आधी उतरायचं. विमानात स्वच्छतागृह नाही. आवाज चांगलाच असतो, श्रवणयंत्र लावत असतील तर ते कमी करून ठेवलेलं बरं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजिनं पंखांवर, दारांपासून हाताच्या अंतरावर आहेत. उतरल्यावर फोटोच्या नादात पुढे जायचं नाही. कर्मचारी दाखवेल त्याच बाजूने, मागच्या अंगाने चालायचं.

हवामान. ही विमानं बहुतेक डोळ्यांना दिसेल त्या भरवशावर, ढगाखालून उडतात. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत पूर्वेकडून समुद्रावरचं दाट धुकं येतं, त्याला तिकडे ‘हार’ म्हणतात. वारा मंद, वर आकाश निळं आणि धावपट्टी गायब, असा प्रकार. मे महिना नेमका त्यातच येतो. धुक्यात विमान थांबतं आणि कधी तासाभरात सुटतं, कधी दिवस जातो. हिवाळ्यात उलटं, धुकं कमी पण वादळी वारे, आणि डिसेंबरात उजेडच सहा तासांच्या आसपास. तुम्ही मे निवडलात ते उत्तमच, उजेड भरपूर मिळेल. फक्त त्याच संध्याकाळचं कर्कवॉल-एडिंबरा विमान धरू नका. एक रात्र कर्कवॉलला ठेवा.

---

उत्तरवाट

सर्वांचे मनापासून आभार. दशांश करून मोजलं, २.८३ आलं आणि बिंदू धावपट्टीवर पडले. ३० मिनिटांचं कोडंही सुटलं.

आणखी एक विचारतो. समजा धुक्याने तो लहान टप्पा रद्द झाला, तर वेस्ट्रेहून पापा वेस्ट्रेला बोट आहे ना? आणि कर्कवॉल-वेस्ट्रेसुद्धा बोटीनेच करावं का?

---

बेटांवरून

आहे, पण नकाशा समोर ठेवून ठरवा, कारण धक्के आणि विमानतळ बेटांच्या वेगवेगळ्या टोकांना आहेत.

वेस्ट्रेचा विमानतळ बेटाच्या उत्तर टोकाला, एकरनेसला. कर्कवॉलहून येणारी मोठी, गाड्या नेणारी फेरीबोट लागते दक्षिण टोकाच्या रॅपनेसला. या दोघांत बराच लांबचा रस्ता आहे, चालत जाण्यासारखा नाही, बस किंवा गाडी आधी ठरवून ठेवावी लागते. कर्कवॉल ते रॅपनेस बोटीने सुमारे दीड तास. पापा वेस्ट्रेची छोटी बोट रॅपनेसहून नाही, पिएरोवॉल गावाच्या धक्क्यावरून सुटते, गाडी घेत नाही, आणि सुमारे २५ मिनिटांत पापा वेस्ट्रेच्या दक्षिणेला मॉक्लेटला सोडते. म्हणजे विमानाचे दोन आणि बोटीचे पंचवीस.

आता दारापासून दारापर्यंत मोजा. पिएरोवॉलमध्ये उतरलेल्या माणसाला बोटीचा धक्का पायाशी आहे, विमानतळाला मात्र काही किमी गाडीने जाऊन, वेळेआधी पोचून, वजन देऊन थांबावं लागतं. धरलं तर दोन्हींना सारखाच वेळ लागतो. तुम्हाला उड्डाणच अनुभवायचं आहे म्हणून विमान योग्य. पण वेस्ट्रेवर अडकलात तर बोट हा खरा पर्याय आहे, तिच्या वेळा लिहून ठेवा.

माझा सल्ला: जाताना कर्कवॉल-वेस्ट्रे-पापा वेस्ट्रे विमानाने आणि तोही सकाळचा. म्हणजे लहान टप्पा दिवसाच्या सुरुवातीला उरकतो, आणि हुकला तर तो संध्याकाळी परतताना साधायला दुसरी संधी उरते. पापा वेस्ट्रेवर उतरल्यावर नॅप ऑफ हॉवर अगदी चालण्याच्या अंतरावर आहे. साडेपाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची दोन दगडी घरं समुद्रकाठी भिंतींसकट उभी आहेत, आतल्या दगडी फळ्या आणि दळायचा पाटा जागच्या जागी. बेट लांबीला साधारण साडेसहा किमी आणि रुंदीला दीडेक, त्यामुळे आई-बाबांना झेपेल तेवढंच चालून थांबता येतं. वाऱ्याचं जॅकेट मात्र मे महिन्यातही हवंच.

---

कालगणक

अंतर-वेळेच्या साइट्सवर विसंबून दुसऱ्या बेटांचे बेत आखणाऱ्यांसाठी एक जोड देतो, कारण तिथं चूक सेकंदांची नाही, पूर्ण दिवसाची होते.

सामोआतलं फालेओलो आणि अमेरिकन सामोआतलं पागो पागो. अंतर सुमारे १५० किमी, उड्डाण पाऊण तासाच्या आत. पण सामोआने २०११ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली. ३० डिसेंबर हा दिवसच गाळला आणि ते रेषेच्या पश्चिमेकडे गेले. आज सामोआ जागतिक वेळेच्या १३ तास पुढे आणि अमेरिकन सामोआ ११ तास मागे, म्हणजे नेमका २४ तासांचा फरक. घड्याळ बदलावं लागत नाही, तारीख बदलावी लागते. सोमवारी सकाळी फालेओलोहून निघालात की पागो पागोला रविवारी सकाळी पोचता. पोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा करणारं साधं सूत्र इथं उणे तेवीस तास दाखवतं, आणि तारीख न पाहणारं सूत्र बरोबर उत्तर देऊन हॉटेलचं बुकिंग चुकीच्या रात्रीचं करायला लावतं. दोन्ही वेळा आधी जागतिक वेळेत आणा, मग वजाबाकी करा.

ऑर्कनीत ही भानगड नाही, सगळी बेटं ब्रिटनच्याच वेळेवर. मात्र तिथं एक वेगळा सापळा आहे. कर्कवॉलहून ज्या बेटांना ही विमानं जातात त्यातल्या ईडे बेटाच्या विमानतळाला तिथल्या लंडन उपसागरावरून लंडन एअरपोर्ट म्हणतात. शोधताना नुसतं नाव टाकून अंतर काढलं तर शेकडो किमीची गफलत होऊ शकते. विमानतळाचा कोड टाकूनच शोधा. वेस्ट्रेचा डब्ल्यू-आर-वाय, पापा वेस्ट्रेचा पी-पी-डब्ल्यू.

---

साधाप्रवासी

आपल्याकडे लक्षद्वीपमध्ये असं बेट ते बेट विमान आहे का?

---

धावपट्टी२७

नाही. लक्षद्वीपमध्ये प्रवासी विमान उतरेल अशी धावपट्टी एकट्या अगत्तीला आहे, सुमारे १२०० मीटरची. कोचीहून अगत्ती साधारण ४६० किमी, एटीआर या पंख्याच्या छोट्या प्रवासी विमानाने दीड तासाच्या आसपास. तिथून पुढे बाकीच्या बेटांना बोट किंवा हेलिकॉप्टर. अर्ध्या किमीच्या पट्टीवरून उडणारं आयलँडरसारखं विमान तिथं कसं चालेल हा प्रश्न रास्त आहे, पण प्रवाळबेटांवर तेवढी सरळ मोकळी जमीन काढणंच अवघड. त्यावर वेगळा धागा काढा, लिहायला पुष्कळ आहे.

उत्तरवाट, तुमच्यासाठी शेवटची एक गोष्ट. वेळ मोजायची हौस असेल तर आधी ठरवून घ्या काय मोजताय: दार बंद ते दार उघडं, चाकं हलली ते चाकं थांबली, की चाकं उचलली ते टेकली. विक्रमाशी तुलना फक्त तिसऱ्याची होते. आणि त्याआधी धावपट्टीजवळची, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी बघून ठेवा. पिशवी पापा वेस्ट्रेकडे फुगून उभी असेल तर वारा पश्चिमेचा, म्हणजे वळणं येणार. फोन विमान-मोडवर ठेवला तरी स्टॉपवॉच चालतं. या टप्प्याचं प्रमाणपत्र प्रवाशांना देतात, आई-बाबांच्या नावाची दोन मागून घ्या.